दहा ते पाच : निरंक

१४ ऑगस्ट २०२५, गुरुवार

अकोल्याच्या डॉक्टर तहरीम मॅडमनी सांगितलं म्हणून ही वही सुरू केली. शाळेत मागच्या वर्षीचं एक हजेरीपुस्तक कोरं पडलं होतं, ते मुख्याध्यापक गावंडे सरांना विचारून आणलं. मॅडम म्हणाल्या, रोज पोरीच्या तीन गोष्टी लिहायच्या. ताप किती, पाणी किती, आणि लघवीला किती वाजता गेली. वही घेतल्याशिवाय यायचं नाही. मी बावीस वर्षांपासून शाळेत शिपाई आहे, तक्ते आखण्याची सवय आहे. तीन रकाने केले : सकाळ, शाळेची वेळ, संध्याकाळ.

रागिणी आमची एकुलती. लग्नानंतर तेरा वर्षांनी झाली. यंदा पाचवीत गेली, म्हणजे माझ्याच शाळेत आली. शाळा उघडल्यापासूनचा हा तिसरा ताप. दोन वेळा गावातल्या डॉक्टरांनी सुई दिली, उतरला. या वेळी उतरेना, तेव्हा अकोल्याला नेलं. लघवीत पू निघाला. सोनोग्राफीत डावी किडनी उजवीपेक्षा लहान दिसली. मॅडमनी दोन बोटांच्या मध्ये जागा करून दाखवली, एवढी. ती जागा अजून डोळ्यांसमोर आहे.

उद्या झेंडावंदन. शाळेतून निघताना पोरींचं नवं बाथरूम फिनाईलनं धुतलं, कुलूप लावलं, चावी सरांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला अडकवली. गावातली रिकामी पोरं येऊन घाण करत होती, म्हणून कुलूप लावायची गोष्ट मीच सरांना सुचवली होती. टाइल्स अजून नव्यासारख्या आहेत.

१९ ऑगस्ट, मंगळवार

ताप नाही. रात्रीचं थोडं थोडं औषध सुरू आहे, ते बरेच महिने द्यायचं आहे. सकाळी ७ ला एक. संध्याकाळी ५.२०, ८, झोपताना. शाळेची वेळ : निरंक. सरकारी तक्त्यात काही नसलं की असंच लिहितात.

पाण्याची बाटली नेली तशीच भरलेली आली. माझ्या बायकोने, ललिताने, ते पाणी तुळशीला घातलं.

दुपारी पाचवीच्या वर्गासमोरून जाताना पाहिलं. बाकीच्या पोरी कुजबुजत होत्या आणि रागिणी एक पाय दुमडून टाचेवर ताठ बसली होती, नजर फळ्यावर. भजनात जुने माळकरी बसतात तशी. पाहून बरं वाटलं. पोरीला बैठक आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, पोळा

शाळेला सुट्टी. आज सहा वेळा गेली. हा आकडा कालच्या मानाने जास्त वाटतो. वाढणं चांगलं की वाईट, मॅडमना विचारायचं आहे.

शाळा असते त्या दिवशी सुटल्यावर ती धावतच घरी येते. दप्तर ओसरीत फेकते आणि थेट मोरीत. ललिता हसते, "बैल सुटल्यावानी येते." मीही हसतो.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

आज अकोल्याला लघवीच्या वाटेने नळी घालून फोटो काढला. मला बाहेर बसवलं. ललिता आत होती. पोरीचा आवाज आला, "आई, नोको वं, नोको!" नंतर आवाज थांबला, तेव्हा जास्त भीती वाटली. मी बाकावर बसून देवीचं नाव घेत राहिलो. कितीदा घेतलं माहीत नाही.

मॅडमनी कागदावर काढून समजावलं. खाली लघवीची पिशवी, वर दोन किडन्या, मध्ये नळ्या. नळी पिशवीत शिरते तिथे झडप असते. रागिणीची झडप बरोबर बसत नाही. पिशवी भरली की लघवी उलटी वर चढते, सोबत जंतू नेते. डावीकडे जास्त, उजवीकडे थोडं.

मी म्हणालो, "आमच्या विहिरीवरच्या मोटारीच्या फुटवॉलसारखं. तो गळला की पाणी माघारी जाते."

मॅडम म्हणाल्या, "अगदी तसंच. फक्त इथं पाणी माघारी गेलं की किडनीवर डाग पडतो. आणि तो डाग पुसता येत नाही."

"हे कशानं झालं जी?"

"जन्मतःच आहे. तुमच्यामुळं नाही, हिच्या आईमुळंही नाही. लहानपणी ताप यायचे का?"

यायचे. दीड वर्षाची असताना, तीनची असताना, पुन्हा पाचची असताना. दरवेळी सुई, दरवेळी उतरला. लघवी तपासा असं कोणी म्हटलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही. ताप म्हणजे ताप, एवढंच आम्ही धरून होतो.

मॅडमनी निघताना विचारलं, "शाळेत जाते ना वेळेवर लघवीला?"

मी म्हणालो, "शाळेत तर मीच असतो जी. काही अडचण नाही."

बारा तारखेला अमरावतीला किडनीचा स्कॅन आहे. तिथले सर्जन वही पाहतील.

१० सप्टेंबर, बुधवार

जिल्ह्याची तपासणी झाली. साहेबांनी पोरींचं बाथरूम उघडायला लावलं, आत जाऊन नळ फिरवून पाहिला. म्हणाले, "दोन वर्षं झाली बांधून? वाटत नाही." गावंडे सरांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. नारळ दिला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पोरींनीही वाजवल्या.

रात्री जेवताना रागिणीने विचारलं, "बाबा, ते बाथरूम पाव्हण्यायसाठी हाय का?"

"पाव्हण्यायसाठी काहून? तुमच्याचसाठी हाय. चावी मांगितली की देतो ना मी."

तिने पोळी अर्धी ठेवली. स्कॅनची भीती असेल.

शाळेची वेळ : निरंक.

१२ सप्टेंबर, शुक्रवार, अमरावती

सकाळच्या गाडीने निघालो. मूर्तिजापूर गेल्यावर रागिणी म्हणाली, "मी जाऊन येतो." डब्यातलं ते घाणेरडं संडास, पण नाकाला रुमाल लावून गेली. बडनेरा यायच्या आधी पुन्हा गेली. परत येऊन मजेने सांगत होती, "खालचे रूळ दिसतेत बाबा!" वहीत लिहिलं : रेल्वेत, दोन.

दुपारी स्कॅन. तीन तास सुई लावून थांबावं लागलं. मग सर्जनकडे. डावी किडनी शंभरात एकोणीस काम करते. उजवी एक्क्याऐंशी, पण तिच्यावरही एक लहान डाग आला आहे. ते म्हणाले, "डावीचं गेलं ते गेलं. आता उजवी वाचवायची. असे ताप येत राहिले तर हिच्या विसाव्या-बाविसाव्या वर्षी आपल्याला मशीनची भाषा बोलावी लागेल."

मशीन म्हणजे काय ते ललिताला समजलं नाही. मला समजलं.

मग त्यांनी वही मागितली. मी अभिमानाने पुढे केली. एक दिवस सुटलेला नव्हता. ते बोट फिरवत खाली आले. "दहा ते पाच, निरंक. निरंक. निरंक. हे काय आहे?"

"शाळेची वेळ जी."

"पोळ्याला सहा वेळा. रेल्वेत दोनदा. शाळेत एकदाही नाही. एक महिना!" त्यांनी चष्मा काढला. "शाळेत सोय नाही का?"

"आहे जी. नवीन आहे. टाइल्सची."

"मग?"

ते रागिणीकडे पाहत होते. रागिणी माझ्याकडे पाहत होती.

मी म्हणालो, "लाजाळू आहे थोडी."

त्यांनी तिला विचारलं, लागल्यावर तू काय करतेस? तिने खुर्चीवरच एक पाय दुमडून टाचेवर बसून दाखवलं. सर्जन म्हणाले, "पाहा. टाचेनं दाबून धरते. झडप मुळातच कच्ची, त्यात पिशवी सात-सात तास तुडुंब. लघवीला जायला एकच वाट उरते, वरची."

माळकऱ्यांचं वाक्य मागे जाऊन वाचलं. खोडलं नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

खिचडीच्या वेळी शकीलाबीला विचारलं. ती आमच्या शाळेत अकरा वर्षांपासून पोषण आहार रांधते. विचारलं, रागिणी पाणी काहून पीत नाही, तुमच्या नजरेस काही आलं का.

तिने मोठा झारा खिचडीच्या गंजात ठेवला. "भाऊ, तुमची एकटी पोरगी कुठी लावून बसले? कोणतीच पीत नाही. खिचडी खातेत, हात धुतेत, ओठ ओले करतेत, झालं."

"पण काहून?"

"चावी कुठी हाय?"

"सरांच्या खुर्चीमागं."

"मंग? पयले ऑफिसात जा, सराले सांगा. सर नसले तर तुमाले. तुमी बसता घंटीजवळच्या ओट्यावर, तठी आठवी-नववीचे पोट्टे बसेल राह्यतेत. पोरगी चावी घेऊन निघाली का हे सुरू, 'चावी चालली, चावी चालली!' एकशे दहा पोरी हायेत. तुमीच सांगा, या महिन्यात कितीक जणींनी मांगितली?"

मी आठवू लागलो. दोन. तीन असतील.

"आन् तुमाले वाटलं, लागतच नसन," ती म्हणाली, आणि पुन्हा झारा उचलला. "तुमाले नारळ दिला तवा मले हसू आलं होतं. माफ करजा."

"आधी काहून नाही सांगितलं शकीलाबी?"

"मी घरी जातो भाऊ. माहं घर तं समोरच हाय. कधी जीव अडला नाही ना माहा." मग म्हणाली, "चूक झाली माही बी."

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज रागिणीला विचारलं. ती भुलाबाईची गाणी लिहून घेत होती, कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी कोणाच्या ना कोणाच्या अंगणात जमतात.

"तू मले चावी काहून नाही मांगितली बेटा?"

मान वर न करता म्हणाली, "मांगितली होती."

"कधी?"

"जुलै महिन्यात. तुमी म्हणले, आत्ताच तं घंटी झाली, सुट्टीत येजो. सुट्टीत आली तं तुमी बँकेत गेलते. त्या दिशी चावी तुमच्या कमरेलेच होती."

"मंग?"

"मंग काही नाही. घरी आली तं थोडी झाली होती. आईनं स्कर्ट धुतला. आई म्हणे पावसानं ओला झाला." तिने पुढची ओळ लिहिली. "तुमाले सर बोलले असते ना, मी रोज रोज मांगितली असती तं."

मला तो दिवस आठवत नाही. खूप आठवून पाहिला. ही वही ऑगस्टमध्ये सुरू झाली, त्यामुळे त्यातही नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

१०३.८. थंडी वाजून दात वाजत होते. उलटी. औषध रोज सुरू असताना हा ताप. अकोल्याला भरती केलं.

१९ सप्टेंबर

१०४. १०३.२. १०४. डाव्या कुशीवर हात ठेवू देत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

१०३. मॅडमनी सलाईनमधलं औषध बदललं. ललिता दोन दिवस जेवली नाही. मी म्हणालो, जेवून घे. ती म्हणाली, "तुमी शाळेत होते ना. मले वाटे, तठी तं बाप हाय." आणि भिंतीकडे वळून बसली. तिने एवढंच म्हटलं. मोठ्याने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घट बसले, आमच्या घरी बसले नाहीत. मी दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून बार्शीटाकळीच्या देवीकडे तोंड केलं. दरवेळी संकटात मी देवीला सांगतो, माझ्या हातात काही नाही, तुझ्या हातात आहे. आज ते वाक्य तोंडातून निघेना. हात जोडले, तेवढंच.

संध्याकाळी १००.४.

२४ सप्टेंबर, बुधवार

ताप नाही. घरी.

२९ सप्टेंबर, सोमवार, अमरावती

ऑपरेशन करावं लागेल. औषध असतानाही ताप आला म्हणजे थांबण्यात अर्थ नाही, असं सर्जन म्हणाले. नळ्या काढून पिशवीत नव्याने बसवायच्या. पण एक अट घातली. आधी दीड महिना पोरगी दर दोन-तीन तासांनी लघवीला गेली पाहिजे, शाळेतसुद्धा. दाबून धरायची सवय राहिली तर नवं बसवलेलंही टिकणार नाही. मधे ताप आला तर पुन्हा लांबणीवर.

"मला हा रकाना भरलेला पाहिजे," म्हणाले, आणि वहीवर बोट ठेवलं. "खोटं लिहू नका."

परतताना ललिता म्हणाली, पोरीला शाळेत पाठवूच नका. घरी ठेवू. रागिणी लगेच म्हणाली, "मी जाईन शाळेत." बाकीच्या एकशे नऊ कुठे ठेवायच्या, हे मनात आलं, पण बोललो नाही. आपल्या पोरीच्या काळजीत दुसऱ्यांच्या पोरी आणायला मला तरी काय तोंड होतं.

३० सप्टेंबर, मंगळवार

सरांना म्हणालो, कुलूप काढायचं आहे.

सर म्हणाले, "देवानंद, तुझ्या पोरीसाठी चावी केव्हाही घे. तिला वेगळी करून दे एक. पण कुलूप काढलं तर आठ दिवसांत उकिरडा होईल. तूच म्हणाला होतास."

"म्हणालो होतो जी."

"मग?"

"चूक सांगितलं होतं."

सरांनी पेन टेबलावर ठेवलं. बावीस वर्षांत मी त्यांना नाही म्हटलेलं नव्हतं. म्हणाले, "घाण झाली तर?"

"दिवसातून तीनदा धुईन. लिहून देतो."

"लिहून दे," सर म्हणाले. चिडून म्हणाले. मी तिथेच लिहून दिलं, सही केली. सरांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला. आवक-जावकमध्ये चढवला नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा. आज कुलूप काढलं. प्रार्थनेच्या वेळी सरांनी सांगितलं की मुलींचं बाथरूम आता उघडं आहे.

कोणी गेलं नाही. मी ओट्यावरून पाहत होतो. बारा ते साडेबारा एकही पोरगी तिकडे फिरकली नाही. आठवीची पोरं नेहमीसारखी ओट्यावर माझ्या बाजूला बसलेली.

शाळेची वेळ : निरंक. खोटं लिहायचं नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

निरंक. आठ दिवसांनी पहिली लघवी तपासायची आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार, कोजागिरी

भुलाबाईचा शेवटचा दिवस आमच्या अंगणात झाला. पंधरा-सोळा पोरी. प्रसादाचा डबा कानाशी हलवून ओळखायचा असतो. "लाडू!" "नाई!" "करंजी!" "नाई!" शेवटी कोणी ओळखू शकलं नाही. ललिताने मुरमुऱ्याचा चिवडा केला होता, म्हणून नीट आवाजच येत नव्हता.

शकीलाबीही येऊन बसली होती. मी पाणी द्यायला गेलो तर गाणं थांबलं आणि सगळ्या हसू लागल्या. रागिणी म्हणाली, "बाबा, तुमी आत जा ना." त्यांचं काहीतरी चाललं होतं. बायकांचं असेल म्हणून आत आलो.

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळपासून रागिणीवर डोळा होता. साडेअकराला ती टाचेवर बसलेली दिसली.

मधली सुट्टी बारा ते साडेबारा. बारा वाजून पंचवीस मिनिटांनी शकीलाबी रिकामी बादली घेऊन मैदानाच्या मधोमध आली आणि मोठ्याने म्हणाली, "चला वं पोट्ट्याहो!" पाचवीच्या, सहावीच्या पोरी उठल्या. एकमेकींचा हात धरून, दहा-बारा असतील. रागिणी मधे होती.

ओट्यावरची पोरं सरसावून बसली. एकाने तोंड उघडलं, "चा..."

मी घंटी वाजवली.

बावीस वर्षांत घंटी अर्धं मिनिट पुढेमागे झालेली नाही. गावातले लोक तिच्यावर घड्याळ लावतात. आज मी तीन मिनिटं आधी वाजवली, आणि नेहमीपेक्षा जास्त वाजवली. पोरं बावचळली. मी म्हणालो, "वर्गात! चला, वर्गात!" ओटा रिकामा झाला. मीही मान वळवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे नळाचा आवाज ऐकू आला. मग पोरींचं हसणं.

सर ऑफिसच्या दारात आले. घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पुढं गेलं का रे घड्याळ?"

"नाही जी."

सर आत गेले.

१२.२७ : एक.

१५ ऑक्टोबर, बुधवार

उद्यापासून दिवाळीची सुट्टी. शाळेत रोज एक, दोन दिवस दोन. मधल्या सुट्टीची घंटी मी आता रोजच तीन मिनिटं आधी वाजवतो. बाटली अर्धी येते. ओटा मी पोरांना बसायला बंद केला आहे, तिथे कुंड्या ठेवल्या. चार दिवसांपूर्वी बाथरूमच्या भिंतीवर कोणीतरी कोळशाने घाण लिहिलं. सर यायच्या आधी घासून काढलं. एक टाइल फुटली आहे. फुटू दे.

लघवी तपासली, साफ आहे. तरी रोज सकाळी तिच्या कपाळाला हात लावताना माझा हात आधी थांबतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार, अमरावती

सकाळी साडेसातला आत नेलं. सर्जननी कालच वही पूर्ण पाहिली होती, शाळेच्या रकान्यात आता रोज दोन-दोन वेळा पाहून खूण केली आणि परत दिली. साडेतीन तास लागले. बाहेर आल्यावर म्हणाले, दोन्ही नळ्या नीट बसल्या. पण खरं चार महिन्यांनी कळेल. उजवीवर नवा डाग नाही, आजच्या घडीला. डावी जशी आहे तशी.

आज रकाने नाहीत. खाटेला लघवीसाठी प्लास्टिकची पिशवी लावली आहे, सिस्टर तिच्या कागदावर लिहिते, मीही लिहितो. दुपारी १ : दीडशे मिली. लालसर. सिस्टर म्हणाली, असंच असतं पहिल्या दिवशी. ३ : एकशे ऐंशी. थोडी फिकी.

चारच्या सुमारास रागिणीने डोळे उघडले. ललिताने कापसाने ओठ ओले केले. पोर इकडेतिकडे पाहून मला म्हणाली, "बाबा, आज घंटी कोण वाजवून राह्यलं?"

"शकीलाबीले सांगून आलो."

तिने डोळे मिटले. झोपली असं वाटलं. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "तिले सांगितलं ना, सुट्टीची तीन मिनिट आधी वाजवजो म्हणून?"

सांगायचं राहिलं होतं. जिन्यात जाऊन फोन केला.

५ : दोनशे.